लिंकनचा पराभव, १८६० (कल्पित)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ६ नोव्हेंबर १८६० रोजी झालेल्या अध्यक्षीय निवडणुकीत अब्राहम लिंकन निवडून आला नसता तर काय घडले असते, याचा ऊहापोह. जर-तरच्या, म्हणजे प्रतितथ्यात्मक, इतिहासविचारात हे उदाहरण वारंवार येते. याचे कारण उघड आहे. लिंकन गुलामगिरीच्या विस्ताराचा विरोधक असल्याने निकालानंतर दीड महिन्याच्या आत, २० डिसेंबरला, दक्षिणेतील साउथ कॅरोलायनाने संघराज्यातून फुटून निघण्याचा ठराव केला आणि १२ एप्रिल १८६१ रोजी समटर किल्ल्यावरील तोफांनी यादवी युद्धाला तोंड फुटले. निवडणूक आणि युद्ध यांत इतके थोडे अंतर असल्याने पहिली टाळली असती तर दुसरे टळले असते का, हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

जर-तरच्या विचाराचे मूळ पुष्कळदा लिव्ही या रोमन इतिहासकारापर्यंत नेतात. अलेक्झांडर पश्चिमेकडे वळला असता तर रोमने त्याला थोपवले असते का, याची चर्चा त्याने आपल्या इतिहासाच्या नवव्या खंडात केली आहे. तथापि तेथे हेतू रोमच्या गौरवाचा आहे, पद्धतीचा नाही. पद्धत म्हणून या विचाराला नाव देण्याचे श्रेय शार्ल रनूव्हिए या फ्रेंच तत्त्वज्ञाकडे जाते. त्याचा ‘उक्रोनी’ हा शब्द १८५७ च्या सुमारास लेखरूपाने आणि १८७६ मध्ये ग्रंथरूपाने पुढे आला. लिंकनच्या निवडणुकीबाबत मात्र या वंशावळीचा फारसा उपयोग नाही. येथे जर-तरचा आरंभ इतिहासकारांनी केला नसून १८६० च्या प्रचारसभांत आणि वृत्तपत्रांतच तो झालेला दिसतो. लिंकनला बहुमत नाकारून निवड प्रतिनिधिगृहाकडे, म्हणजे काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहाकडे, ढकलण्याची योजना त्याचे विरोधक उघडपणे मांडत होते आणि लिंकनच्या रिपब्लिकन पक्षाचे वक्ते तिचीच भीती घालून मते मागत होते.

डेमोक्रॅटिक पक्ष त्या वर्षी चार्ल्स्टन व बॉल्टिमोर येथील अधिवेशनांत फुटला. उत्तरेकडील गटाने स्टीफन डग्लस, तर दक्षिणेकडील गटाने जॉन ब्रेकिनरिज हा उमेदवार दिला. कॉन्स्टिट्यूशनल युनियन पक्षातर्फे जॉन बेल उभा होता. लिंकनला सुमारे १८ लाख ६६ हजार, म्हणजे जेमतेम ४० टक्के मते पडली. यावरून ‘विरोधक एक झाले असते तर लिंकन हरला असता’ असे विधान शालेय पुस्तकांपासून सर्वत्र आढळते. ते आकड्यांना धरून नाही. अध्यक्षाची निवड राज्यवार निवडलेले निर्वाचक करतात आणि राज्यात सर्वाधिक मते मिळवणाऱ्याला साधारणतः तेथील सारे निर्वाचक मिळतात. एकूण ३०३ निर्वाचकांपैकी लिंकनला १८०, ब्रेकिनरिजला ७२, बेलला ३९ आणि डग्लसला अवघे १२ मिळाले. बहुमतासाठी १५२ पुरेसे होते. तिघा विरोधकांची मते राज्यवार एकत्र केली, तरी लिंकनच्या हातून कॅलिफोर्नियाचे ४, ऑरेगनचे ३ आणि न्यू जर्सीचे ४ एवढेच निर्वाचक जातात. १६९ उरतातच, कारण बाकीच्या सर्व राज्यांत त्याला निम्म्याहून अधिक मते होती. शिवाय न्यूयॉर्कसारख्या राज्यांत विरोधकांनी संयुक्त यादी प्रत्यक्ष उभी केली होती, हे विसरले जाते.

खरी कळ न्यूयॉर्कमध्ये होती. त्या राज्याचे ३५ निर्वाचक गेले असते, तर लिंकन १४५ वर, बहुमताला सात कमी पडून थांबला असता. तेथील त्याचे मताधिक्य सुमारे ५० हजारांचे होते. म्हणजे साधारण २५ हजार मतदारांनी बाजू बदलली असती तरी पुरे होते. पुढचा हिशोब अधिक गुंतागुंतीचा आहे. संयुक्त यादीत डग्लसचे १८, बेलचे १० आणि ब्रेकिनरिजचे ७ निर्वाचक होते. ते धरल्यास ब्रेकिनरिज ७९, बेल ४९ आणि डग्लस ३० असा क्रम लागतो. बाराव्या घटनादुरुस्तीनुसार प्रतिनिधिगृहापुढे फक्त पहिल्या तिघांची नावे जातात. म्हणजे लोकमतात दुसरा असलेला डग्लस स्पर्धेतूनच बाद झाला असता. प्रतिनिधिगृहात प्रत्येक राज्यास एक मत असते. ३३ राज्यांपैकी १७ हवी होती आणि रिपब्लिकनांच्या ताब्यात १५ होती. कोंडी ४ मार्चपर्यंत, म्हणजे नव्या अध्यक्षाने पद घेण्याच्या दिवसापर्यंत, फुटली नसती, तर उपाध्यक्षाने कारभार पाहायचा. तो निवडणार सीनेट हे वरिष्ठ सभागृह, तेही पहिल्या दोघांतूनच : लिंकनचा सहकारी हॅनिबल हॅम्लिन किंवा ब्रेकिनरिजचा सहकारी जोसेफ लेन. सीनेटमध्ये डेमोक्रॅट बहुसंख्य असल्याने लेन हाच हंगामी अध्यक्ष होण्याचा संभव सर्वाधिक. ऑरेगनचा हा सीनेटर गुलामगिरीचा पाठीराखा होता. ‘लिंकन नाही तर लेन’ हे समीकरण त्यामुळे नुसत्या कल्पनेतले राहत नाही.

दहा दक्षिणी राज्यांत लिंकनचे नाव मतपत्रिकेवर नव्हते, हा तपशीलही नेहमी येतो. त्या काळी सरकारी मतपत्रिका नसत. पक्ष आपापल्या चिठ्ठ्या छापून वाटत, आणि तेथे रिपब्लिकन चिठ्ठ्या वाटणारे कोणी नव्हते. साउथ कॅरोलायनात तर निर्वाचक विधिमंडळच निवडत असे.

दुसरी वाट मे १८६० मधील रिपब्लिकन पक्षाच्या शिकागो अधिवेशनाची. पहिल्या फेरीत विल्यम स्यूअर्ड १७३½ विरुद्ध १०२ मतांनी लिंकनच्या पुढे होता. त्याला उमेदवारी मिळाली असती, तर पेन्सिल्व्हेनिया (२७), इंडियाना (१३) आणि इलिनॉय (११) ही राज्ये डळमळली असती, असे तेव्हाच्या पक्षधुरीणांचे मत होते. ती तिन्ही गेल्यास १८० मधून १२९ उरतात.

डग्लस अध्यक्ष झाला असता अशी कल्पना करणारे एक गोष्ट क्वचितच ध्यानात घेतात. तो ३ जून १८६१ रोजी वारला. प्रचारदौऱ्यांच्या दगदगीमुळे आजार बळावला असे मानले, तरी ती दगदग विजयी डग्लसलाही चुकली नसती. त्याच्या जागी उपाध्यक्षपदाचा त्याचा सहउमेदवार, जॉर्जियाचा हर्शल जॉन्सन, आला असता. ब्रेकिनरिज किंवा लेनच्या कारकिर्दीत न्यायालयाचा प्रश्न ऐरणीवर आला असता. संघराज्याच्या प्रदेशांत गुलामगिरीला बंदी घालता येत नाही, असे ठरवणाऱ्या १८५७ च्या ड्रेड स्कॉट निकालानंतर, तेथे आणलेल्या गुलामांना मुक्त केल्यावरून उभा राहिलेला न्यूयॉर्कमधील लेमन खटला सर्वोच्च न्यायालयात जाण्याची चिन्हे होती. उत्तरेकडील राज्यांनाही गुलामगिरीला वाट द्यावी लागेल, अशी भीती त्यामागे होती. बेलच्या अध्यक्षपदाविषयी मात्र फारसे लिहिले गेलेले नाही.

युद्ध टळले असते, या मताला १९३०–४० च्या दशकांत जे. जी. रँडल आणि एव्हरी क्रेव्हन यांच्या लेखनाने बळ दिले. नेत्यांच्या चुकांमुळे संघर्ष पेटला, असा त्यांचा रोख होता. चार्ल्स रॅम्सडेल याने १९२९ मध्ये गुलामगिरीच्या विस्ताराला निसर्गानेच मर्यादा घातल्या होत्या, असे मांडले. उलट रॉबर्ट फोगेल आणि स्टॅन्ली एंगरमन यांच्या १९७४ च्या आकडेवारीने गुलामगिरी आतबट्ट्याची नव्हती, ती आपोआप लयाला गेली नसती, असे दाखवले. त्यांच्या पद्धतीवर टीका झाली, पण हा निष्कर्ष बराचसा टिकून आहे. पराभवाने युद्ध फार तर पुढे ढकलले गेले असते आणि गुलामांची सुटका त्याहून दूर गेली असती, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

१८६४ च्या निवडणुकीतील लिंकनचा डेमोक्रॅटिक प्रतिस्पर्धी जॉर्ज मॅक्लेलन याच्या कल्पित विजयाची चर्चाही याच वळणाची आहे. तिचा केंद्रबिंदू २ सप्टेंबरला उत्तरेच्या सैन्याने केलेला अटलांटाचा पाडाव होय, कारण त्याने लिंकनचे पारडे जड झाले.

या जर-तरची एक शाखा मुंबईपर्यंत येते. युद्धामुळे अमेरिकन कापूस बंद होऊन मँचेस्टरचा ओघ खानदेश, वऱ्हाड आणि गुजरातच्या कापसाकडे वळला. मुंबईत पैशाचा पूर आला, समुद्र बुजवून जमीन काढण्याच्या बॅक बे भराव योजनेचे शेअर गगनाला भिडले आणि १८६५ मध्ये सारा डोलारा कोसळला. युद्ध झाले नसते तर तेजीही आली नसती, हे बहुधा खरे. परंतु हिंदुस्थानी कापसाची ओढ युद्धाने निर्माण केलेली नाही. मँचेस्टरची कापूस पुरवठा संस्था १८५७ चीच होती आणि वऱ्हाड १८५३ मध्येच इंग्रजांच्या कारभाराखाली आले होते. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील सदाचारी लोकांना, त्यांनी हबशी गुलामांच्या मुक्ततेसाठी दाखवलेल्या औदार्याबद्दल, अर्पण केला. ती अर्पणपत्रिका लेनच्या अमेरिकेला उद्देशून लिहिली गेली नसती.