नसलेल्या तटाच्या कडेने: मुंबईच्या फोर्टची पार्श्वभूमी

चर्चगेट स्थानकावर रोज लाखो माणसे उतरतात, पण या नावातले गेट नेमके कुठे होते, असा प्रश्न त्यांतल्या फार थोड्यांना पडत असेल. ते स्थानकाजवळ कधीच नव्हते. स्थानकाच्या पूर्वेला, आजच्या हुतात्मा चौकाच्या आसपास, मुंबईच्या तटबंदीचा हा पश्चिमेकडचा दरवाजा होता आणि तो ज्या चर्चच्या दिशेने उघडत असे ते सेंट थॉमस चर्च आजही चौकापासून चालत पाच मिनिटांवर उभे आहे. उत्तरेला बझार गेट आणि दक्षिणेला अपोलो गेट, असे आणखी दोन दरवाजे होते. तिन्ही दरवाजे आणि त्यांना जोडणारा तट १८६० च्या दशकात पाडण्यात आला. तट गेला तरी परिसराचे नाव मात्र फोर्ट असेच राहिले. जुनी मराठी माणसे त्याला नुसते ‘कोट’ म्हणत.

रविवारी सकाळी कचेऱ्या बंद असताना, रस्ते मोकळे असताना, एखाद्या जाणकार स्थानिक मार्गदर्शकाबरोबर या भागात फिरणाऱ्यांची संख्या अलीकडे बरीच वाढली आहे. अशा फेरीत इमारती तर पाहायच्या असतातच, पण खरे पाहायचे असते ते आता डोळ्यांना न दिसणारे: तटाची रेघ, भरणी होण्यापूर्वीचा समुद्रकिनारा आणि त्या किनाऱ्याला लागणारी जहाजे. ही तिन्ही ध्यानात असली म्हणजे फोर्टमधले रस्ते असे का वळतात, मैदाने तिथेच का आहेत आणि दोन शेजारच्या गल्ल्या एकमेकींहून इतक्या वेगळ्या का दिसतात, याचा उलगडा होतो.

या बेटांवर कोळ्यांची वस्ती फार जुनी आहे. बंदर म्हणून मुंबईचे नाव मात्र उशिरा झाले. त्याआधी कोकणच्या किनाऱ्यावरचा मोठा व्यापार ठाणे, सोपारा, कल्याण आणि चौल या बंदरांतून चालत असे. १५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने तह करून वसई आणि तिच्या ताब्यातील बेटे पोर्तुगिजांना दिली, पण पोर्तुगिजांचे सारे लक्ष वसईवर राहिले. मुंबईचे बेट त्यांनी खंडाने देऊन टाकले आणि काही वर्षे ते गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याकडे होते, ज्याने हिंदुस्थानातील औषधी वनस्पतींवर गोव्यात ग्रंथ छापला. बंदराकडे तोंड करून असलेला त्याचा वाडा हीच पुढच्या किल्ल्याची सुरुवात ठरली. इंग्लंड आणि पोर्तुगाल यांच्या राजघराण्यांतील १६६१ च्या विवाहतहानुसार मुंबई इंग्लंडच्या राजाकडे आली, प्रत्यक्ष ताबा १६६५ मध्ये मिळाला आणि १६६८ मध्ये राजाने वर्षाला दहा पौंड भाड्याने हे बेट ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केले. वाड्याभोवती बुरूज उठले आणि ‘बॉम्बे कॅसल’ तयार झाला. १६८७ मध्ये कंपनीने पश्चिम किनाऱ्यावरचे आपले मुख्य ठाणे सुरतेहून मुंबईला हलवले.

किल्ला एक होता, पण शहराभोवतीचा तट ही वेगळी गोष्ट आहे आणि तो उभा राहण्यामागे मराठ्यांचा मोठा वाटा आहे. जंजिऱ्याच्या सिद्दीने १६८९ मध्ये मुंबईवर चढाई करून किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा उघड्या पेठेचे हाल कंपनीने पाहिले होते. पुढे कोकण किनाऱ्यावर कान्होजी आंग्रे यांचे आरमार इतके प्रबळ झाले की, त्यांच्या दस्तकाशिवाय, म्हणजे परवान्याशिवाय, जहाज हाकारणे कंपनीला जड जाऊ लागले. १७१५ च्या अखेरीस गव्हर्नर म्हणून आलेल्या चार्ल्स बून याने विजयदुर्ग आणि खांदेरीवर मोहिमा पाठवल्या; दोन्ही फसल्या. शहराची तटबंदी याच बूनच्या कारकिर्दीत पुरी झाली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा मुंबईत एवढी घबराट पसरली की, पेठेतल्या व्यापाऱ्यांनी ३०,००० रुपये वर्गणी जमवून दिली आणि तटाबाहेर खंदक खणण्याचे काम हाती घेण्यात आले. आज बॉम्बे कॅसलच्या जागेवर नौदलाचे ठाणे आहे आणि त्याचे नाव ‘आयएनएस आंग्रे’ असे आहे. एशियाटिक सोसायटीच्या, म्हणजे जुन्या टाउन हॉलच्या, इमारतीमागच्या त्या भिंतीजवळ उभे राहून मार्गदर्शक हे नाव सांगतो, तेव्हा मराठी ऐकणाऱ्याच्या अंगावर क्षणभर काटा येतो, आणि तो यावा असेच मला वाटते.

तटाचा खरा परिणाम तटाबाहेर झाला. शत्रूला आडोसा मिळू नये आणि तोफांचा मारा मोकळा राहावा म्हणून भिंतीपलीकडची घरे, झाडे, वाड्या काढून टाकण्यात आल्या आणि ही मोकळी जागा टप्प्याटप्प्याने वाढवत नेली गेली. तिला ‘एस्प्लनेड’ म्हणत. ज्या देवीवरून शहराला नाव मिळाले, त्या मुंबादेवीचे जुने देऊळ बोरीबंदरच्या परिसरात होते. तेही अठराव्या शतकात तिथून उठले आणि आज देवी भुलेश्वरच्या बाजूला आहे. ओव्हल, क्रॉस आणि आझाद मैदान हे त्याच एस्प्लनेडचे उरलेले तुकडे होत. दाटीवाटीच्या दक्षिण मुंबईत मुलांना क्रिकेट खेळायला एवढी जागा कशी राहिली, याचे उत्तर तोफेच्या पल्ल्यात आहे.

तटाच्या आतही एक भिंत होती, दिसत नसली तरी. सेंट थॉमस चर्चचा पाया गव्हर्नर जेराल्ड आँजियर याच्या काळात, १६७६ च्या सुमारास घातला गेला, पण पैशाअभावी काम अर्धवट पडून राहिले आणि चर्च १७१८ च्या नाताळात उघडले. चर्चवरून पश्चिमेच्या दरवाजाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दक्षिणेला इंग्रजांची घरे आणि कचेऱ्या, तर उत्तरेला पारशी, गुजराती वाणी, बोहरी अशा व्यापाऱ्यांची दाट पेठ, अशी विभागणी झाली. ती रेघ आजही पायाखाली कळते. दक्षिणेत रस्ते रुंद आहेत. उत्तरेला बझार गेटच्या रस्त्याने बोरा बझारकडे चालू लागले की गल्ल्या अरुंद होतात, लाकडी सज्जे जवळजवळ एकमेकांना भिडतात आणि मधूनच १७०९ साली स्थापन झालेली बनाजी लिमजी अग्यारी समोर येते. बहुतेक फेऱ्या या भागात येतच नाहीत. गॉथिक मनोरे दाखवून त्या संपतात, आणि ही मोठी उणीव आहे. मुंबई ज्या दलाल, सावकार, सराफ आणि जहाजवाल्यांनी चालवली ती माणसे या उत्तरेकडच्या गल्ल्यांत राहत होती.

१७ फेब्रुवारी १८०३ रोजी याच पेठेत आग लागली. लाकडी घरे, अरुंद बोळ आणि गोदामांतला माल यांमुळे ती अनेक दिवस धुमसत राहिली आणि कोटाचा मोठा भाग बेचिराख झाला. बनाजी लिमजी अग्यारीही तीत जळाली व नंतर पुन्हा बांधण्यात आली. आगीनंतर पुष्कळ लोकांना कोटाबाहेर जागा देण्यात आल्या आणि मांडवी, भुलेश्वर, काळबादेवी हा भाग झपाट्याने भरू लागला. गिरगावातली मराठी वस्तीही याच शतकात वाढत गेली.

बंदराचा विचार केला तर दोन ठिकाणी थांबावे लागते. पहिले गोदी. १७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया या पारशी कारागिराला कंपनीने सुरतेहून आणले आणि १७५० मध्ये मुंबईची पहिली कोरडी गोदी तयार झाली. आशियातली ती पहिली मानली जाते. मलबारच्या सागवानातून वाडिया घराण्याने बांधलेली जहाजे ब्रिटिश आरमारात गेली. त्यांपैकी १८१७ मध्ये पाण्यात उतरलेले ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगते आहे. गोदी नौदलाच्या ताब्यात असल्यामुळे सामान्य माणसाला फक्त तिचा लायन गेट बाहेरून पाहता येतो.

दुसरे ठिकाण म्हणजे हॉर्निमन सर्कल. इथे पूर्वी ‘बॉम्बे ग्रीन’ हे उघडे मैदान होते आणि निर्यातीच्या कापसाच्या गासड्या त्यावर रचून ठेवल्या जात. मैदानाच्या पूर्वेला १८३३ मध्ये टाउन हॉल पुरा झाला. त्याच्या तीस पायऱ्या चढून गेले की एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय लागते. ही संस्था १८०४ मध्ये स्थापन झाली. या पायऱ्यांवर उभे राहिले की कोटाची रचना एका नजरेत येते: पाठीमागे कॅसल आणि बंदर, समोर ग्रीन, पलीकडे चर्च आणि सरळ रेषेत पश्चिमेचा दरवाजा. टाउन हॉलसमोरच्या वडाखाली १८५० च्या दशकात शेअर दलाल जमू लागले आणि १८७५ मध्ये त्यांनी रीतसर संघटना केली. आजच्या शेअर बाजाराचे मूळ तेच. ग्रीनभोवती गोलाकार इमारती बांधण्याची कल्पना पोलीस आयुक्त चार्ल्स फोर्जेट यांची. १८७२ मध्ये हे काम संपून ‘एल्फिन्स्टन सर्कल’ तयार झाले. जालियनवाला बागेच्या वेळी सरकारवर टीका केल्याबद्दल १९१९ मध्ये देशाबाहेर काढण्यात आलेल्या ‘बॉम्बे क्रॉनिकल’च्या बेंजामिन हॉर्निमन या इंग्रज संपादकाचे नाव स्वातंत्र्यानंतर या वर्तुळाला देण्यात आले.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटली, ती तटाच्या बाहेरून. त्या दिवशी कोटाच्या भिंती जागेवर होत्या. आंग्र्यांचे आरमार संपून शतक होत आले होते, मराठ्यांचे राज्य बुडून पस्तीस वर्षे झाली होती आणि तटाचा उपयोग राहिला नव्हता. वाहतूक मात्र तीन दरवाजांत तुंबत होती. १८६२ मध्ये गव्हर्नर म्हणून आलेल्या बार्टल फ्रिअर यांनी तट पाडण्याचा निर्णय अमलात आणला. योगायोगाने त्याच वर्षांत अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि शहरात पैशाचा पूर लोटला. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि अनेक पेढ्या बुडाल्या. इमारतींचे बेत तरी थांबले नाहीत. एस्प्लनेडच्या कडेने सचिवालय, विद्यापीठ आणि उच्च न्यायालय एका ओळीत उभे राहिले. शेअर बाजारातले प्रेमचंद रायचंद यांनी दिलेल्या देणगीतून राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला. तेव्हा या सगळ्या इमारतींचे तोंड समुद्राकडे होते. ओव्हलपलीकडे आर्ट डेको घरांची जी रांग दिसते, ती विसाव्या शतकातील भरणीवर उभी आहे. २०१८ मध्ये युनेस्कोने या दोन्ही ओळींना मिळून जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला.

तट पडत असतानाच, १८६३ साली, गोविंद नारायण माडगांवकर या शिक्षकाने ‘मुंबईचे वर्णन’ हे मराठी पुस्तक प्रसिद्ध केले. रस्ते, बाजार, देवळे, धक्के, निरनिराळ्या जातीधर्मांची माणसे या सगळ्यांची त्यात नोंद आहे. मुंबईच्या पहिल्या स्थानिक मार्गदर्शकाचा मान द्यायचा झाला तर तो माडगांवकरांना द्यावा लागेल, आणि शहर दाखवण्याची ही परंपरा मराठीत सुरू झाली याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा. आजच्या पायी फेऱ्यांना मात्र दुसरा आधार आहे. १९९५ मध्ये मुंबईसाठी वारसा इमारतींची यादी व नियमावली लागू झाली आणि त्यानंतरच्या काही वर्षांत वास्तुरचनाकार व अभ्यासक लोकांना घेऊन फोर्टमध्ये फिरू लागले.

बंदर तोवर कोटापासून दूर गेले होते. १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला, १८८० मध्ये उत्तरेला प्रिन्सेस डॉक उघडला, पुढे अलेक्झांड्रा डॉकच्या खोदकामातून निघालेल्या मातीने भरणी करून बॅलार्ड इस्टेट वसवण्यात आली, आणि १९८९ पासून कंटेनरची वाहतूक खाडीपलीकडे न्हावा-शेव्याला सरकू लागली. कोटातल्या जुन्या इमारतींना दुसरेच दुखणे जडले. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली, तेवढ्या भाड्यात दुरुस्ती परवडेना आणि सज्ज्यांच्या कोपऱ्यांत पिंपळ रुजले. १८६० च्या दशकातले, ओतीव लोखंडाच्या सांगाड्यावर उभारलेले वॉटसन हॉटेल, जिथे १८९६ मध्ये देशातला पहिला चित्रपट दाखवला गेला, त्याची आजची अवस्था पाहताना फार वाईट वाटते.

दोन गोष्टी जवळून पाहाव्यात. एक, शहरात ठिकठिकाणी पदपथांत रुतलेले दगडी मैलाचे खांब. त्यांच्यावर रोमन अंकांत कोरलेले अंतर सेंट थॉमस चर्चपासून मोजलेले आहे, म्हणजे दादरसारख्या दूरच्या गावालाही आपण कोटापासून किती मैलांवर आहोत हे सांगितले जात होते. पालिकेने यांतले काही अलीकडे उकरून वर काढले आहेत. दुसरी गोष्ट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या पूर्वेला, सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात आहे. १७६९ च्या सुमारास तटाच्या उत्तर टोकाला बांधलेल्या फोर्ट जॉर्जचा एक तुकडा तिथे शिल्लक आहे. काळ्या दगडाची जाड, उतरती भिंत, वरून आलेली झाडे आणि आत खोल्या. महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाचे कार्यालय त्या खोल्यांत थाटलेले आहे.