राजपत्रात छापले, म्हणजे कळले?

२७ नोव्हेंबर १९६२ रोजी मेयर हान्स जॉर्ज नावाचा एक जर्मन प्रवासी झुरिकहून स्विसएअरच्या विमानात बसला. त्याला जायचे होते मनिलाला. अंगातल्या जाकिटात एकेक किलोच्या ३४ सोन्याच्या विटा दडवलेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी विमान वाटेत मुंबईला थांबले. जॉर्ज खाली उतरलाही नाही. पण खबर आधीच लागली होती. कस्टमचे अधिकारी विमानात चढले आणि झडतीत सोने सापडले.

भारतातून फक्त पुढे जाणाऱ्या सोन्याला १९४८ पासून मोकळीक होती. रिझर्व्ह बँकेने ८ नोव्हेंबर १९६२ च्या अधिसूचनेने तिला अट घातली: असे सोने विमानाच्या मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे मालाच्या यादीत, नोंदवलेले असलेच पाहिजे. ही अधिसूचना भारताच्या राजपत्रात आली २४ नोव्हेंबरला, म्हणजे जॉर्ज विमानात बसला त्याच्या तीन दिवस आधी. झुरिकमध्ये बसलेल्या माणसाने भारताचे राजपत्र वाचावे कसे, हा त्याच्या वकिलांचा सवाल होता. मुंबईच्या मॅजिस्ट्रेटने त्याला एक वर्षाची सक्तमजुरी दिली, उच्च न्यायालयाने निर्दोष सोडले आणि ऑगस्ट १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा मताने पुन्हा दोषी ठरवले. न्या. राजगोपाल अय्यंगार आणि न्या. मुधोळकर यांचे म्हणणे असे, की राजपत्रात रीतसर प्रसिद्धी झाली की पुरे. ती परदेशात पोहोचली की नाही हे पाहण्याची गरज नाही. गुन्ह्याला दोषी मन, म्हणजे आपण चुकीचे करतो आहोत ही जाणीव, लागतेच, असे न्या. सुब्बा राव यांचे भिन्नमत होते. शिक्षा मात्र भोगून झाली होती तेवढीच पुरेशी मानली गेली.

सोने लपवून नेणाऱ्याची कणव येण्याचे कारण नाही. पण जो नियम त्याला लागला, तोच शेतकऱ्याला, भाडेकरूला आणि टपरीवाल्यालाही लागतो. ‘कायद्याचे अज्ञान ही सबब होऊ शकत नाही’ हे वाक्य आपण इतके ऐकलेले असते, की त्याला दुसरी बाजू आहे हेच विसरायला होते.

ती बाजू रोममध्ये आधी दिसते. तिथे सुरुवातीला कायदा उच्चकुलीनांच्या आणि त्यांच्यातल्या पुरोहितांच्या मुठीत होता. काय चालते आणि काय चालत नाही, हे त्यांनाच विचारावे लागे. सामान्यांनी नेट लावल्यावर इ. स. पू. ४५१-४५० मध्ये बारा पाट्यांवर कायदे कोरून चारचौघांत मांडले गेले. तरी दावा लावायचे ठरावीक शब्द गुप्तच राहिले होते. ते इ. स. पू. ३०४ च्या सुमारास ग्नेयस फ्लावियस या मुक्त केलेल्या गुलामाच्या मुलाने उघड केले. म्हणजे आधी लोकांनी कायदा मागून घेतला आणि मगच ‘माहीत नव्हता’ ही तक्रार फेटाळण्याचा अधिकार राज्याला आला. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

पुढे पावलुस या रोमन कायदेपंडिताने नियम मांडला: वस्तुस्थितीचे अज्ञान माफ, कायद्याचे नाही. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने करवून घेतलेल्या संग्रहात हा नियम टिकला. त्याच संग्रहात अपवादही आहेत. पंचविशीच्या आतली मुले, सैनिक, काही बाबतींत स्त्रिया आणि अडाणी खेडूत यांना सवलत होती. युरोपने नियम घेतला, अपवाद हळूहळू गळून पडले.

सतराव्या शतकातला इंग्रज विद्वान जॉन सेल्डन याने नियमामागचे कारण आडपडदा न ठेवता सांगितले. सगळ्यांना कायदा ठाऊक असतो म्हणून हा नियम नाही; ही सबब जो तो सांगेल आणि ती खोटी कशी पाडायची हे कुणालाच कळणार नाही, म्हणून आहे. सोय आहे ही, सत्य नव्हे. या सोयीची किंमत किती असू शकते ते १८०० सालच्या बेली खटल्यात दिसले. १० मे १७९९ रोजी इंग्लंडच्या संसदेने समुद्रावरच्या गुन्ह्यांविषयी एक कायदा केला. जूनच्या अखेरीस आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ एका जहाजाच्या कप्तानाने दुसऱ्या जहाजावरच्या माणसावर गोळी झाडली. इतक्या दिवसांत लंडनची बातमी तिथे पोहोचणे शक्यच नव्हते. न्यायाधीशांनी त्याला दोषी ठरवले आणि वर माफीची शिफारसही केली.

फ्रान्सने याच काळात निराळी वाट धरली. १८०४ च्या नागरी संहितेच्या पहिल्याच कलमात लिहिले, की कायदा राजधानीच्या विभागात जाहीर झाल्यानंतर एका दिवसाने ठाऊक झाला असे धरावे आणि इतर ठिकाणी दर शंभर किलोमीटरला एक दिवस वाढवून द्यावा. गृहीत धरायचे ते इथेही धरलेच, पण घोड्याचा वेग लक्षात घेऊन.

आपल्याकडे हा नियम १८६० च्या भारतीय दंड संहितेतून आला. कलम ७६ आणि ७९ नुसार वस्तुस्थितीच्या गैरसमजातून केलेले कृत्य माफ होऊ शकते, कायद्याच्या गैरसमजातून केलेले नाही. स्वतंत्र भारतात पहिला महत्त्वाचा प्रश्न आला तो हरला नावाच्या एका सामान्य माणसाचा. १९२३ मध्ये जयपूर संस्थानच्या मंत्रिमंडळाने ठराव करून अफूचा कायदा केला, पण तो कुठेच प्रसिद्ध केला नाही. पंचवीस वर्षांनी, १९४८ मध्ये, हरलाने तो मोडला म्हणून त्याला ५० रुपये दंड झाला. ५० रुपयांचे हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्या. व्हिवियन बोस, जे त्याआधी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते, त्यांनी सप्टेंबर १९५१ मध्ये निकाल लिहिला: ज्या कायद्याची माहिती लोकांना नाही आणि खटपट करूनही मिळू शकत नाही, त्या कायद्याने शिक्षा करणे हे नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध आहे. बंद खोलीतला ठराव म्हणजे कायदा नव्हे. हरला सुटला.

१९८७ मध्ये कर्नाटकातल्या बी. के. श्रीनिवासन खटल्यात न्या. चिन्नप्पा रेड्डी यांनी याच मुद्द्याला पुढे नेले. संसदेतला कायदा निदान सभागृहात, लोकांसमोर होतो. नियम, आदेश आणि अधिसूचना मंत्रालयातल्या दालनात तयार होतात, म्हणून त्यांची प्रसिद्धी अधिकच गरजेची. सामान्य माणसाची गाठ रोज पडते ती याच कागदांशी.

यापेक्षा स्पष्ट बोलले ते न्या. पी. एन. भगवती. मोतीलाल पदमपत शुगर मिल्स विरुद्ध उत्तर प्रदेश हा विक्रीकराच्या सवलतीचा वाद. डिसेंबर १९७८ च्या निकालात त्यांनी सांगितले, की प्रत्येकाला कायदा माहीत असतो असे गृहीतक कायद्यात नाहीच. अज्ञानाची सबब चालत नाही आणि अज्ञान नसतेच, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरकारी कचेरीत ‘तुम्हाला माहीत असायला हवे होते’ असे खिडकीपलीकडून ऐकावे लागते, तेव्हा या दोन गोष्टींची सरमिसळ झालेली असते.

लोकांपर्यंत पोहोचायचे कसे हे राज्याला माहीत नाही, असेही नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० प्रमाणे तलाठ्याने फेरफाराची नोंद घेतली की तिची पूर्ण प्रत चावडीत ठळक जागी लावायची आणि ज्यांचा संबंध आहे त्यांना लेखी कळवायचे. भूसंपादनाच्या २०१३ च्या कायद्यात प्राथमिक अधिसूचना राजपत्राबरोबरच दोन दैनिकांत, त्यांपैकी एक प्रादेशिक भाषेतले, शिवाय ग्रामपंचायतीत स्थानिक भाषेत लावायला सांगितले आहे. एकेकाळी दवंडी जे काम करी, तेच हे. जमीन हातची जाताना जी काळजी घेतली जाते, ती दंड किंवा तुरुंगवास होऊ शकेल असा नवा नियम येताना का घेतली जाऊ नये?

भाषेचा अडसर तर घटनेतच आहे. अनुच्छेद ३४८ प्रमाणे, संसद अन्य तरतूद करेपर्यंत, कायदे, नियम आणि आदेश यांचा अधिकृत पाठ इंग्रजी. राज्याने विधेयके आणि कायद्यांसाठी दुसरी भाषा ठरवली, तरी राजपत्रात छापलेले इंग्रजी भाषांतरच अधिकृत धरायचे. विधानमंडळात मराठीत चर्चा होऊन मंजूर झालेल्या कायद्याचाही अर्थ लावताना अखेर हातात इंग्रजी मजकूर येतो. माझ्या मते सामान्य माणसावर होणारा सगळ्यात मोठा अन्याय इथे आहे. ज्या भाषेत त्याचा संसार चालतो त्या भाषेतले वाचन त्याच्या बचावाला पुरेसे पडत नाही.

राजपत्र आता संगणकावर निघते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ८ ने इलेक्ट्रॉनिक राजपत्राला मान्यता दिली आणि जॉर्जच्या खटल्यातला प्रश्न नव्या रूपात परत आला. पुलवामा हल्ल्यानंतर दोन दिवसांनी, १६ फेब्रुवारी २०१९ रोजी, पाकिस्तानातून येणाऱ्या मालावर २०० टक्के आयात शुल्क लावणारी अधिसूचना निघाली. ती राजपत्रात अपलोड झाली रात्री ८ वाजून ४६ मिनिटे ५८ सेकंदांनी. अटारीच्या नाक्यावर त्याच दिवशी त्याआधी कागदपत्रे दाखल केलेल्या आयातदारांकडूनही वाढीव शुल्क मागितले गेले. सप्टेंबर २०२० मध्ये न्या. धनंजय चंद्रचूड यांनी निकाल दिला, की अपलोड होण्याच्या क्षणाआधी ती अधिसूचना कुणालाही बांधत नाही. पंचवीस वर्षे न छापलेल्या जयपूरच्या कायद्यापासून आपण सेकंदांच्या हिशेबापर्यंत आलो, ही प्रगती खरी. पण ती आहे प्रसिद्धीच्या वेळेची. वाचणाऱ्याला मजकूर कळावा, ही बाजू तशीच राहिली.

इतर काही देशांनी मूळ नियमालाच हात घातला. जर्मनीच्या दंड संहितेत १९७५ पासून टाळता न येण्याजोगे कायद्याचे अज्ञान माफ आहे. दक्षिण आफ्रिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या अपील विभागाने १९७७ मध्ये जुने सूत्रच सोडून दिले. इटलीच्या घटनात्मक न्यायालयाने १९८८ मध्ये ठरवले, की अटळ अज्ञानालाही शिक्षा देणारा नियम घटनेत बसत नाही, कारण कायदा समजण्याजोगा ठेवणे हे राज्याचेही कर्तव्य आहे.

भारतात १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता लागू झाली. दीडशे वर्षांहून जुना कायदा नव्याने लिहिण्याची संधी होती. तिच्या कलम १४ आणि १७ मध्ये १८६० चीच तरतूद कायम आहे.