गोव्याला लागू नसलेला 'डब्ल्यू'

डिचोलीतल्या गॅरेजात आमच्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीचं ऑइल बदलायचं झालं की मेस्त एकच विचारतो, "वीस-पन्नास ना?" म्हणजे २०डब्ल्यू-५०. मान हलवली की खाली परात सरकते. हल्ली मात्र दुकानाच्या फळीवर ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-४० असे डबे मांडलेले असतात आणि त्यातला महागडा डबा जुन्या गाडीलाही उत्तम, असं दुकानदार छातीठोकपणे सांगतो. मेस्ताचं ऐकावं की दुकानदाराचं? हे आकडे मुळात कुणासाठी ठरले ते पाहिलं तर मेस्ताची बाजू बरीच भक्कम निघते.

मोटारी नव्या होत्या तेव्हा ऑइलला नंबर नव्हतेच. पातळ, मध्यम, जाड अशा नावांवर विक्री चाले आणि एकाचं मध्यम ते दुसऱ्याचं जाड. शर्यतीच्या गाड्यांत आणि पहिल्या महायुद्धातल्या कित्येक विमानांत तर एरंडेल घालत. १९०९ मध्ये आलेलं कॅस्ट्रॉल हे नाव त्या 'कॅस्टर'वरूनच पडलं. तापलेल्या धातूला एरंडेल छान धरून राहतं, पण काही दिवसांत त्याची चिकट राळ होते. पुढे एसएई या अमेरिकेतल्या मोटार इंजिनिअरांच्या संस्थेनं घट्टपणावरून नंबर ठरवले. हे नंबर म्हणजे वजन नव्हे, मापही नव्हे. ती नुसती इयत्ता. आजच्या कोष्टकात १०० अंश सेल्सिअसला १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्स (हे घट्टपणाचं एकक) भरलं तर ऑइल ४० नंबरचं, त्यापुढे २१.९ पर्यंत ५० नंबरचं.

डब्ल्यू आला तो थंडीमुळे. डिसेंबरात आपल्याकडे सकाळी खोबरेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते. इंजिन ऑइल तसं गोठत नाही, पण घट्ट होतं. बर्फाच्या मुलखात शून्याखाली पंधरा-वीस अंशांवर स्टार्टर मारला तर इंजिन फिरेनासं होतं. म्हणून तिकडे हिवाळ्यात पातळ आणि उन्हाळ्यात जाड असं वर्षातून दोनदा ऑइल बदलत. हिवाळ्याच्या ऑइलांसाठी वेगळी चाचणी आली आणि नंबरापुढे विंटरचा डब्ल्यू लागला. आजच्या नियमानुसार स्टार्टरला इंजिन फिरवता येतं की नाही याची परीक्षा २०डब्ल्यूसाठी उणे १५ अंशांवर होते, १५डब्ल्यूसाठी उणे २०, १०डब्ल्यूसाठी उणे २५, ५डब्ल्यूसाठी उणे ३० आणि ०डब्ल्यूसाठी उणे ३५ अंशांवर.

पणजीत कडाक्याची थंडी म्हणजे वीस अंशांच्या आसपास. २०डब्ल्यूची परीक्षासुद्धा आपल्या हवेपेक्षा पस्तीस अंश खाली चालते! म्हणजे पहिल्या आकड्यासाठी जादा पैसे मोजणं हे सांताक्रूझच्या माणसानं बर्फात टायरला बांधायची स्नो-चेन विकत घेण्यासारखंच झालं.

थंडीचा पहिला आणि तापलेल्या ऑइलचा दुसरा असे दोन आकडे एकत्र आले ते नंतर. तापमानाबरोबर ऑइल किती बदलतं याचा निर्देशांक १९२९ मध्ये तयार झाला. पेनसिल्व्हेनियाच्या तेलाला १०० गुण आणि गल्फ किनाऱ्याच्या तेलाला शून्य. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑइलमध्ये लांब साखळ्यांचे पॉलिमर मिसळू लागले आणि पन्नाशीच्या दशकात बारमाही मल्टिग्रेड बाजारात आलं. थंडीत या साखळ्या आखडून बसतात, गरम झाल्यावर पसरतात आणि ऑइलला फार पातळ होऊ देत नाहीत. इथं हमखास एक गैरसमज होतो. २०डब्ल्यू-५० तापल्यावर घट्ट होत नाही. तेही पातळच होतं, फक्त साध्या २० नंबरइतकं नाही. या साखळ्या तुटतातही. १९५९ च्या मिनी मोटारीत इंजिन आणि गिअर एकाच ऑइलात फिरत आणि गिअरचे दाते त्यांचे तुकडे करत.

मुक्तीपूर्वी गोव्यात परदेशी गाड्यांची चंगळ होती. १९६१ नंतर आयातीची दारं मिटली आणि रस्त्यावर फियाट (आमची पद्मिनी तीच) आणि अँबॅसेडर राहिल्या. या दोन्हींच्या इंजिनांत व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमचा उंचवटा टॅपेट या दट्ट्याच्या सपाट तोंडावर घासत फिरतो. तिथला दाब जबर असतो आणि ती जागा वाचवायला ऑइलमध्ये जस्त-फॉस्फरसचं संयुग घालतात. पण फॉस्फरस नव्या गाड्यांच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला मारक असतो. डब्यावरची एसएफ, एसजी, एसएल ही अक्षरं म्हणजे अमेरिकेच्या एपीआय या पेट्रोलियम संस्थेनं ठरवलेली प्रत. एसएम २००४ ची, एसएन २०१० ची, एसपी २०२० ची. एरवी पुढचं अक्षर मागच्यापेक्षा सरस, पण एसएमपासून पातळ ग्रेडमध्ये फॉस्फरस ०.०८ टक्क्यांवर रोखला आहे. ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० यांना ही मर्यादा लागू. २०डब्ल्यू-५० ला नाही. मेस्ताला हा तपशील ठाऊक नसेल, पण त्याचा डबा बरोबर आहे.

अर्थात हे सगळ्याच जुन्या गाड्यांना लागू नाही. मारुती ८०० चं इंजिन वेगळ्या घडणीचं. ते जुनं झालं म्हणून डोळे मिटून जाड ऑइल ओतू नये. मॅन्युअलमधला दुसरा आकडा पाळावा. जाड ऑइलनं प्रेशरचा काटा वर चढतो, पण काटा वर गेला म्हणजे ऑइल सगळीकडे पोचलं असं नव्हे.

गोव्यात गाडीला थंडीपेक्षा पावसाळा छळतो. जूनपासून गाडी ताडपत्रीखाली, अधूनमधून पाच मिनिटं चालू करून बंद, आणि मग चवथीला बाहेर. त्या पाच मिनिटांत इंजिन पुरतं तापत नाही, आत जमलेलं पाणी उडून जात नाही. तेव्हा ऑइल किलोमीटरवर नाही, कॅलेंडरवर बदलावं. गेल्या चवथीच्या आदल्या दिवशी झाकण उघडलं तर आतून ताकासारखा पांढरट थर दिसला. मी घाबरलो. मेस्तानं डिपस्टिक काढली, चिंधीनं पुसली, पुन्हा बुडवून वर धरली. काडीवरचं ऑइल काळं, पण स्वच्छ. "काडी पांढरी झाली असती तर गॅस्केट गेलं म्हणायचं," तो म्हणाला. "हा नुसता पाऊस."