शाईच्या डागातले वटवाघूळ

'शाईच्या डागात वटवाघूळ दिसले तर माणूस भित्रा, फुलपाखरू दिसले तर आनंदी' असे सांगणारे संदेश वर्षानुवर्षे फिरत आहेत आणि नेणिवेतील, म्हणजे स्वतःच्याही लक्षात न येणाऱ्या, प्रेरणा मानसशास्त्रज्ञ अशाच ओळखतात, असे अनेकांना वाटते. ही समजूत चुकीची आहे.

स्विस मनोविकारतज्ज्ञ हर्मान रोर्शाक यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, शाईचे डाग दाखवून त्यांत काय दिसते हे विचारणाऱ्या या चाचणीत १० कार्डे असतात आणि त्यांतील पाचव्या कार्डावर वटवाघूळ किंवा फुलपाखरू दिसणे हे अत्यंत सर्वसामान्य उत्तर मानले जाते. त्यावरून भित्रेपणा सिद्ध होत नाही. काय दिसले यापेक्षा ते डागाच्या कोणत्या भागात दिसले, आकारामुळे, रंगामुळे की हालचालीच्या भासामुळे दिसले आणि प्रत्यक्ष डागाशी कितपत जुळते, याची नोंद अधिक महत्त्वाची ठरते. रोर्शाक स्वतः याला आकलनाचा प्रयोग म्हणत, स्वप्नफलासारखा अर्थकोश नव्हे.

मनोगतिक दृष्टीने, म्हणजे नेणिवेतील प्रेरणा वर्तन घडवतात असे मानून, काम करणारा तज्ज्ञ कोणत्याही एका उत्तरावर विसंबत नाही. समोरच्या व्यक्तीच्या बालपणीच्या आठवणी, नात्यांत पुन्हा पुन्हा उद्भवणारा तोच पेच, बोलता बोलता टाळले जाणारे विषय आणि खुद्द तज्ज्ञाशी होणारे वर्तन यांतून तो अनेक भेटींत एक तात्पुरता अंदाज बांधतो आणि पुढील माहितीशी विसंगत ठरल्यास तो सोडूनही देतो. चाचणीच्या मर्यादाही खऱ्याच आहेत: विचारांतील विस्कळीतपणा ओळखण्यास तिला चांगला आधार आहे, परंतु तिच्यावरून नैराश्याचे निदान करणे मला गैर वाटते.