किशोरवयातील चिंता आणि आनुवंशिकता

किशोरवयीन मुलामुलींमधील चिंतेचा कल जनुकांमधून किती आणि कोणत्या वाटांनी येतो, याचा शोध मानसशास्त्र व जनुकशास्त्र मिळून घेत आले आहेत. परीक्षेच्या आदल्या रात्री झोप न लागणे किंवा अनोळखी लोकांत बुजणे हा विकार नव्हे. भीती प्रसंगाच्या मानाने फार मोठी असेल, हटता हटत नसेल आणि शाळा, मैत्री, झोप यांच्या आड येत असेल, तर तिला चिंताविकार म्हणतात. समाजभय, पॅनिकचे म्हणजे अचानक उसळणाऱ्या तीव्र भीतीचे झटके, विशिष्ट गोष्टींचा भयगंड, सतत कशाची ना कशाची काळजी (सार्वत्रिक चिंताविकार) हे त्याचे नेहमी दिसणारे प्रकार. हे विकार लवकर सुरू होतात. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका राष्ट्रव्यापी पाहणीत त्यांच्या सुरुवातीचे मध्यक वय ११ वर्षे निघाले.

चिंता घराण्यात चालत येते, हे निरीक्षण जुनेच आहे. पण आईवडिलांकडून मुलांना जनुके मिळतात तशी घरातली हवाही मिळते. या दोन गोष्टी वेगळ्या करण्यासाठी संशोधकांनी जुळ्या भावंडांचा आधार घेतला. एकयुग्मज, म्हणजे एकाच फलित बीजापासून झालेल्या जुळ्यांची जनुके जवळजवळ तंतोतंत सारखी असतात. द्वियुग्मज, म्हणजे दोन वेगळ्या फलित बीजांपासून झालेल्या जुळ्यांमध्ये माणसागणिक बदलणाऱ्या जनुकांपैकी सरासरी निम्मी सारखी असतात. दुसऱ्या जोड्यांपेक्षा पहिल्या जोड्यांमध्ये चिंतेचे साम्य जितके जास्त, तितका आनुवंशिकतेचा वाटा मोठा. अशा अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण हेटेमा, नील आणि केंडलर यांनी २००१ मध्ये केले. पॅनिक विकारासाठी हा वाटा सुमारे ४३ टक्के, तर सार्वत्रिक चिंताविकारासाठी सुमारे ३२ टक्के निघाला.

या आकड्यांचा अर्थ फार वेळा चुकीचा लावला जातो. ३२ टक्के म्हणजे एखाद्या मुलीच्या चिंतेतला तिसरा हिस्सा जनुकांनी घडवला, असे नाही. एका समूहातल्या माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यापैकी किती फरक जनुकांतील फरकांशी जोडता येतो, एवढेच तो आकडा सांगतो. एका व्यक्तीबद्दल तो काहीही सांगत नाही. समूह बदलला, वय बदलले की आकडाही बदलतो.

वयाचा मुद्दा किशोरवयात विशेष महत्त्वाचा ठरतो. आनुवंशिक म्हणजे जन्मापासून ठरलेले आणि कायम तेवढेच, अशी आपली समजूत असते. केंडलर, गार्डनर आणि लिश्टेनस्टाइन यांनी २००८ मध्ये स्वीडनमधील जुळ्यांचा जो अभ्यास मांडला, त्यात या समजुतीला धक्का बसला. त्याच मुलांची चिंता व नैराश्याची लक्षणे ८–९, १३–१४, १६–१७ आणि १९–२० या वयांत नोंदवली होती. बालपणी प्रभावी असलेले आनुवंशिक घटक पुढे ओसरत गेले आणि किशोरवयात नवे घटक पुढे आले. म्हणजे लहानपणी निर्धास्त असलेला मुलगा चौदाव्या वर्षी चिंताग्रस्त झाला, तर त्यामागे काहीतरी घडलेच असले पाहिजे असे नाही, आणि घाबरट बाळ घाबरट किशोर होईलच असेही नाही. हे बदल नेमके कशाने होतात, याची उत्तरे मेंदूच्या व संप्रेरकांच्या बदलांत शोधली जातात. धोका हेरणारा अमिग्डला हा भाग या वयात तीव्र प्रतिसाद देतो, तर त्याला आवर घालणारा कपाळामागचा मेंदूचा भाग विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत राहतो.

कोणते जनुक, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचा इतिहास मात्र सावध करणारा आहे. १९९६ मध्ये सेरोटोनिन या मेंदूतील संदेशवाहक रसायनाची ने-आण करणाऱ्या प्रथिनाच्या जनुकातील एक आखूड रूप चिंताळू स्वभावाशी जोडले गेले. त्याच शोधनिबंधात त्याचा वाटा एकूण फरकाच्या ३ ते ४ टक्केच मांडला होता, तरी ‘चिंतेचे जनुक’ ही कल्पना लोकांत रुजली. पुढे मोठ्या तपासण्यांत अशा गाजलेल्या जनुकांचे दावे टिकले नाहीत. २०१९ मध्ये नैराश्याबाबत लाखो लोकांची माहिती तपासली, तेव्हा ती जनुके इतर कोणत्याही जनुकांपेक्षा अधिक महत्त्वाची ठरली नाहीत. आजचे चित्र असे आहे : अतिशय लहान परिणाम असलेले असंख्य जनुकीय फरक मिळून कल घडवतात, आणि त्यांपैकी बरेच नैराश्यातही सामायिक असतात. या मोठ्या अभ्यासांतील बहुसंख्य लोक युरोपीय वंशाचे आहेत, ही उणीव गंभीर आहे.

क्वचित मात्र एकाच बदलाचा ठसा उमटतो. विल्यम्स संलक्षण या दुर्मीळ जन्मजात विकारात सातव्या गुणसूत्रावरील पंचवीसेक जनुकांचा तुकडा गळालेला असतो. ही मुले अनोळखी माणसाशीही बिनधास्त बोलायला जातात, पण मोठ्या आवाजांना आणि इतर अनेक गोष्टींना कमालीची घाबरतात. भीती ही एकसंध गोष्ट नाही, हे यातून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दिसते.

आईवडिलांची चिंता मुलांत कशी उतरते, याचे सर्वांत नेटके उत्तर थालिया इली आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दिले. त्यांनी प्रौढ जुळी आणि त्यांची किशोरवयीन मुले घेतली. आईची एकयुग्मज जुळी बहीण, म्हणजे मुलाची मावशी, जनुकांच्या हिशेबाने मुलाला आईइतकीच जवळची असते. चिंता केवळ जनुकांतून आली असती, तर मुलाची चिंता मावशीशीही जवळपास तितकीच जुळली असती. तसे झाले नाही. मुलांच्या चिंतेचा संबंध स्वतःच्या आईवडिलांच्या चिंतेशी दिसला आणि आनुवंशिक संक्रमणाचा ठळक पुरावा मिळाला नाही. पालकांची भीती मुले पाहून शिकतात. उलट मुलाची भीती पाहून पालक अधिक जपू लागतात, हेही शक्य आहे.

जनुके आणि अनुभव हे दोन्ही प्रवाह एकमेकांत मिसळतातही. बुजरी मुलगी गर्दीचे प्रसंग टाळते, त्यामुळे गर्दीत वावरण्याचा सराव तिला मिळत नाही. जनुकांनी दिलेला कल इथे अनुभवांची निवड करू लागतो.

चिंताविकाराचे निदान करणारी जनुकीय चाचणी नाही. निदान लक्षणे आणि त्यांनी अडणारे जगणे पाहूनच होते. कल आनुवंशिक असला तरी उपचार लागू पडतात. अमेरिकेत ७ ते १७ वयाच्या ४८८ मुलांवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १२ आठवड्यांनंतर बोधात्मक वर्तनोपचाराने (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या उपचाराने) सुमारे ६० टक्के, सर्ट्रालिन या औषधाने ५५ टक्के, तर दोन्ही मिळून ८१ टक्के मुलांत ठळक सुधारणा झाली. औषधाचा भास देणाऱ्या गोळीने २४ टक्क्यांत. ९८० मुलांच्या २०१६ मधील जनुकीय अभ्यासात वर्तनोपचाराचा गुण कोणाला येईल हे खात्रीने सांगणारा एकही जनुकीय फरक सापडला नाही.