रेणूवर हक्क की कृतीवर? भारतीय औषध संशोधनाची पेटंट-पार्श्वभूमी

पेटंटमुळे संशोधन वाढते की खुंटते, हा वाद जुना आहे आणि एका वाक्यात मिटणारा नाही. कायदा ज्याला संरक्षण देतो त्यावर प्रयोगशाळा काम करतात आणि ज्याला देत नाही तिथे वेगळ्याच कौशल्याची माणसे तयार होतात, एवढे मात्र भारतीय औषध उद्योगाच्या इतिहासात स्वच्छ दिसते.

भारतात पेटंट १८५६ पासून आहे. औषधांपुरता महत्त्वाचा कायदा १९११ चा, ब्रिटिश साच्यातला. मुदत आधी १४ वर्षे होती, नंतर १६ झाली. परदेशी कंपन्या पेटंट घेऊन ठेवत, माल बाहेरून आणत आणि इथे कोणी तोच पदार्थ बनवायला घेतला की कोर्टात खेचत. स्वातंत्र्यानंतर या कायद्याच्या फेरतपासणीसाठी आधी बक्षी टेकचंद समिती आणि १९५७ मध्ये न्या. एन. राजगोपाल अय्यंगार यांची नेमणूक झाली. अय्यंगारांच्या १९५९ च्या अहवालातले आकडे पुढे संसदेत वारंवार ऐकू आले: देशातली ८० ते ९० टक्के पेटंटे परकीयांच्या नावावर, आणि त्यांतल्या ९० टक्क्यांहून अधिक पेटंटांवर भारतात काहीच उत्पादन नाही. त्याच सुमारास अमेरिकी सिनेटच्या केफॉवर समितीने औषधे सर्वांत महाग असलेल्या देशांत भारताची गणना केली. गरीब देशात औषध श्रीमंत देशापेक्षा महाग, असा तो उफराटा हिशेब होता.

मुंबईतला एक खटला याचे चांगले उदाहरण आहे. मधुमेहावरचे टॉल्ब्युटामाइड हे औषध युनिकेम लॅबोरेटरीज बनवत होती आणि आपण हाफकिन संस्थेने शोधलेली कृती वापरतो, असे तिचे म्हणणे होते. जर्मनीच्या हेक्स्ट कंपनीने दावा लावला. १९६८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल हेक्स्टच्या बाजूने दिला. परळच्या या सरकारी संस्थेत झालेले काम हाताशी असूनही उपयोग झाला नाही, कारण त्या काळी अर्जदार आपल्या दाव्यात सुचतील तेवढ्या सगळ्या कृती मांडून ठेवत. नवी वाट काढली तरी ती त्यांच्याच कुंपणात निघे.

१९७० चा पेटंट कायदा २० एप्रिल १९७२ पासून लागू झाला आणि त्याने हे कुंपण मोडले. अन्न, औषधे आणि रासायनिक पदार्थ यांच्या बाबतीत कलम ५ नुसार पदार्थावर पेटंट नाही, फक्त तो बनवण्याच्या कृतीवर. बाकी शोधांना १४ वर्षे. अन्न आणि औषधांच्या कृतीला मात्र पेटंटच्या तारखेपासून ७ किंवा शिक्का बसल्यापासून ५ वर्षे, यांपैकी आधी संपेल ती मुदत. शिवाय ३ वर्षांनंतर कोणालाही हक्काने परवाना आणि रॉयल्टीला ४ टक्क्यांची कमाल मर्यादा.

याचा प्रयोगशाळेतला अर्थ काय? रेणू तोच, पण तिथे पोहोचण्याची वाट निराळी हवी. रसायनशास्त्रज्ञ मूळ पेटंट वाचतो, कुठला बंध कधी जोडला ते पाहतो आणि क्रम बदलतो: वेगळा कच्चा माल, वेगळा उत्प्रेरक, महागड्या किंवा घातक अभिकारकाला पर्याय. सगळी कमाई उताऱ्यात, म्हणजे घातलेल्या मालातून किती माल हाती लागतो त्यात असते. आठ पायऱ्यांच्या संश्लेषणात प्रत्येक पायरीला ८० टक्के उतारा मिळाला तर शेवटी जेमतेम १७ टक्के माल हाती लागतो. तोच ९० टक्क्यांवर नेला की ४३ टक्के. म्हणजे त्याच कच्च्या मालातून अडीचपट औषध. पायऱ्याच आठाच्या सहा केल्या तर आणखी.

अडचणीही याच कामात असतात. काचेच्या ५ लिटरच्या फ्लास्कमध्ये गुण्यागोविंदाने चाललेली अभिक्रिया २,००० लिटरच्या रिअॅक्टरमध्ये तापते, कारण आकारमानाच्या मानाने थंड करायला पृष्ठभाग फार कमी उरतो. म्हणून अभिकारक एकदम न ओतता तासन्‌तास थेंबाथेंबाने सोडावा लागतो, आणि तेवढ्या वेळात दुय्यम अभिक्रिया सुरू होतात. वाट बदलली की अशुद्धीही बदलतात. आज प्रगत देशांत विकायच्या औषधात साधारणपणे ०.१ टक्क्याच्या वर गेलेली अशुद्धी ओळखून दाखवावी लागते. मूळ कंपनीच्या औषधात नसलेला एखादा उंचवटा क्रोमॅटोग्राफवर (घटक वेगळे करून दाखवणाऱ्या यंत्रावर) दिसला की महिनोन्‌महिने त्याच्यापायी जातात. स्फटिकरूप वेगळे निघाले तर गोळी विरघळण्याचा वेग बदलतो. ‘भारतीयांनी नुसती नक्कल केली’ असे म्हणणाऱ्यांनी हे काम कधी जवळून पाहिलेले नसते.

या कामाची माणसे पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, हैदराबादची भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था, मुंबईचे यूडीसीटी (विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग) अशा ठिकाणी घडली आणि तारापूर, महाड, लोटे, कुरकुंभच्या कारखान्यांत मुरली. एचआयव्हीवरच्या एझेडटीची कृती डॉ. ए. व्ही. रामा राव यांच्या हैदराबादच्या गटाने दिली आणि सिप्लाने ते औषध बाजारात आणले. सर्वांत गाजले ते फेब्रुवारी २००१ चे प्रकरण. तीन औषधांच्या मिश्रणाचा वर्षाचा खर्च परदेशात १० ते १५ हजार डॉलर असताना सिप्लाने तो ३५० डॉलरला देऊ केला. यातली तांत्रिक मेख सहसा सांगितली जात नाही: स्टॅव्हुडीन, लॅमिव्हुडीन आणि नेव्हिरॅपीन यांची पेटंटे तीन वेगवेगळ्या कंपन्यांकडे होती. तिन्ही एका गोळीत बसवणे तिथेच सोपे, जिथे पदार्थावर कोणाचाच हक्क नाही.

नाण्याची दुसरी बाजूही मान्य केली पाहिजे. नवा रेणू शोधायला दहा वर्षांहून जास्त काळ आणि प्रचंड पैसा लागतो, आणि शोधला तरी देशात त्यावर हक्क नाही, अशा स्थितीत खासगी कंपन्या त्या वाटेला गेल्या नाहीत. स्वतःच्या कृतीलाही पाच-सात वर्षांचेच संरक्षण, म्हणून चांगल्या कृती पेटंट न घेता गुपित ठेवण्याकडे कल राहिला. औषधशास्त्र, विषचाचण्या, पहिल्या टप्प्याच्या मानवी चाचण्या ही अंगे दुबळी राहिली.

१ जानेवारी १९९५ पासून जागतिक व्यापार संघटनेचा ट्रिप्स हा बौद्धिक संपदेवरचा करार लागू झाला. पदार्थावरचे पेटंट सुरू करायला भारताला २००५ पर्यंत मुभा होती, पण तोवरचे अर्ज स्वीकारून पेटीत बंद ठेवण्याची अट होती. ही व्यवस्था कायद्याने न करता प्रशासकीय सूचनेवर चालवली, म्हणून अमेरिकेच्या तक्रारीवरून जागतिक व्यापार संघटनेत १९९७ मध्ये भारत हरला. मग १९९९, २००२ आणि २००५ अशा तीन दुरुस्त्या झाल्या. मुदत सरसकट २० वर्षे झाली, औषधाच्या पदार्थावर पेटंट मिळू लागले आणि ठरावीक परिस्थितीत ‘मी वेगळी कृती वापरली’ हे सिद्ध करण्याचा भार प्रतिवादीवर आला.

तिसऱ्या दुरुस्तीत संसदेने कलम ३(ड) घट्ट केले: माहीत असलेल्या पदार्थाचे नुसते नवे रूप (क्षार, स्फटिक, एस्टर) ‘परिणामकारकता’ लक्षणीय वाढल्याशिवाय पेटंटला पात्र नाही. कसोटी लागली ती रक्ताच्या कर्करोगावरच्या ग्लिवेकला. मूळ रेणू इमॅटिनिबचा शोध १९९५ पूर्वीचा, त्यामुळे तो भारताच्या पेटीत येऊच शकत नव्हता. नोव्हार्टिसने १९९८ मध्ये इमॅटिनिब मेसिलेट या त्याच्या क्षाराच्या बीटा स्फटिकासाठी अर्ज केला. महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपये हा त्यांचा भाव. भारतीय कंपन्यांचा ८ ते १० हजार. शरीरात शोषण ३० टक्क्यांनी वाढते, असा कंपनीचा दावा होता, पण ती तुलना मेसिलेटशी नव्हे, मूळ इमॅटिनिबशी केलेली होती. सर्वोच्च न्यायालयाचे न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना देसाई यांनी १ एप्रिल २०१३ रोजी अर्ज फेटाळला: औषधाच्या बाबतीत परिणामकारकता म्हणजे उपचारातली परिणामकारकता, आणि नुसते जास्त शोषण म्हणजे ती नव्हे. या निकालाने संशोधनाला खीळ बसेल, अशी ओरड झाली. आमच्या मते खीळ बसली ती एका विशिष्ट धंद्याला, जुन्या रेणूची मुदत लांबवण्याच्या. नवे क्षार आणि स्फटिक शोधण्यात कष्ट नसतात असे नाही, पण त्यासाठी २० वर्षांची मक्तेदारी हा भाव फार चढा होता.

पदार्थाचे पेटंट आले म्हणून भारतात नवे रेणू धडाधड निघाले का? नाही. डॉ. रेड्डीज आणि ग्लेनमार्कने रेणू शोधून मध्यावर परदेशी कंपन्यांना विकण्याचा मार्ग धरला. डॉ. रेड्डीजचा मधुमेहावरचा रॅगाग्लिटाझार नोव्हो नॉर्डिस्ककडे गेला, पण उंदरांच्या मूत्राशयात गाठी आढळल्यावर २००२ मध्ये काम थांबले. अशा धक्क्यांत मोठी कंपनी तरते. मध्यम कंपनीचे संशोधनाचे अंदाजपत्रकच कोलमडते. झायडसचे सॅरोग्लिटाझार २०१३ मध्ये बाजारात आले, तो मोजक्या यशांपैकी एक.

सक्तीचा परवाना (पेटंटधारकाच्या संमतीशिवाय दुसऱ्याला उत्पादनाची मुभा) हे हत्यार कायद्यात १९७० च्या आधीपासून आहे, पण २००५ नंतर देशातल्या रुग्णांसाठी ते एकदाच उपसले गेले. ९ मार्च २०१२ रोजी पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी बायरच्या नेक्सावार या कर्करोगावरच्या औषधासाठी नॅटको या भारतीय कंपनीला परवाना दिला. बायरचा भाव महिन्याला २ लाख ८० हजार ४२८ रुपये, नॅटकोचा ८,८८०. रॉयल्टी ६ टक्के, अपिलात ७. कलम ८४ चे तीन निकष (लोकांची गरज भागते का, किंमत परवडणारी आहे का, शोध भारतात राबवला जातो का) तिन्ही बायरच्या विरोधात गेले. त्यात पुरावा म्हणून कामी आला तो कंपनीने स्वतः भरलेला नमुना २७, म्हणजे पेटंट राबवल्याचे विवरणपत्र: २००८ मध्ये आयात शून्य, २००९ मध्ये सुमारे २०० बाटल्या. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये आदेश कायम ठेवला.

नियंत्रकापुढच्या दुसऱ्या वाटेने, म्हणजे पेटंट मिळण्यापूर्वीच हरकत घेऊन, क्षयरोगावरच्या बेडाक्विलिनच्या क्षाराचा अर्ज मार्च २०२३ मध्ये मुंबई कार्यालयात फेटाळला गेला. हरकतदारांत क्षयातून वाचलेल्या दोन महिला होत्या, एक भारतातली आणि एक दक्षिण आफ्रिकेतली. कलम २५(१) प्रमाणे ‘कोणतीही व्यक्ती’ अशी हरकत घेऊ शकते. मार्च २०२४ च्या नियमांनी या हरकतीला शुल्क लावले, आणि नमुना २७ दरवर्षीऐवजी तीन वर्षांतून एकदा भरायची सवलत दिली. किती माल बनवला वा आणला, हा आकडा त्या नमुन्यातून २०२० मध्येच गाळला गेला होता.