माणिक काच

माणिक काच : सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांमुळे फिकट गुलाबीपासून गडद लालपर्यंत छटा आलेली पारदर्शक काच. तिच्या फुलदाण्या, चषक, अत्तरदाण्या, दिवे व टांगत्या हंड्या एकोणिसाव्या शतकात यूरोपीय घरांच्या सजावटीत रूढ झाल्या आणि व्यापारामार्गे हिंदुस्थानातील राजवाड्यांत व धनिकांच्या दिवाणखान्यांतही आल्या. तांबे किंवा सिलिनियम वापरून केलेल्या लाल काचेलाही बाजारात सरसकट माणिक काचच म्हटले जाते. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः सोन्याच्या काचेचा विचार केला असून इतर प्रकार ओळखीपुरते घेतले आहेत.

रंगाची घडण : धातुरूप सोने काचेत सहजासहजी विरघळत नाही. त्यामुळे वितळलेल्या काचेत सोन्याची मोहोर टाकली आणि काच लाल झाली, ही कारागिरांत सांगितली जाणारी कथा ग्राह्य धरता येत नाही. तशी मोहोर वितळून तळाशीच बसेल. सोने आधी अम्लराजात, म्हणजे नायट्रिक व हायड्रोक्लोरिक अम्लांच्या मिश्रणात विरघळवतात आणि तो द्राव काचेच्या कच्च्या मालात मिसळतात. सोन्याचे प्रमाण अत्यल्प, सामान्यतः ०.१ टक्क्याहून कमी असते. अशा मिश्रणाची काच पहिल्यांदा थंड होते तेव्हा बिनरंगी किंवा किंचित पिवळसर दिसते. ती पुन्हा योग्य तापमानापर्यंत तापवली की विखुरलेले सोने एकत्र येऊन नॅनोमीटरच्या (मीटरच्या अब्जांश भागाच्या) मापाचे कण तयार होतात. हे कण प्रकाशातील हिरवा भाग (तरंगलांबी सुमारे ५२० ते ५३० नॅनोमीटर) शोषून घेतात आणि लाल प्रकाश आरपार येतो. पुनस्तापन कमी पडले तर रंग उमटत नाही. जास्त झाले तर कण वाढून काच जांभळट व शेवटी गढूळ तपकिरी होते. कथिलाचे संयुग घातल्यास कण बारीक व एकसारखे राहण्यास मदत होते.

ही क्रिया अमेरिकेतील न्यू इंग्लंड ग्लास कंपनीच्या ‘अँबरिना’ फुलदाण्यांत उघड दिसते. जोसेफ लॉक यांनी १८८३ मध्ये तिचे एकस्व घेतले. फुलदाणी एकाच मिश्रणाची असते, पण तिचा वरचा भाग तेवढाच पुन्हा भट्टीच्या तोंडाशी धरतात. काठाशी गडद लाल रंग उमटतो, पोटाशी तो फिका होत जातो आणि बुडाशी मूळचा मधाळ पिवळा तसाच राहतो. सांधा कुठेच नसतो.

काचेतील सोन्याचे स्वरूप दीर्घकाळ अनिश्चित होते. मायकेल फॅराडे यांनी १८५७ मध्ये सोने व प्रकाश यांच्या संबंधांवर व्याख्यान देऊन, लाल द्रावांत सोने अतिसूक्ष्म धातुकणांच्या रूपात असते, असे प्रतिपादन केले. जर्मनीतील येना येथील शॉट काचकारखान्यात रंगीत काचेवर काम केलेले रिखार्ट झिग्‌मोंडी यांनी पुढे हेन्री झीडेनटॉफ यांच्यासह अतिसूक्ष्मदर्शक तयार केला व असे कण प्रत्यक्ष मोजण्याचा मार्ग खुला झाला. कलिलांवरील, म्हणजे अतिसूक्ष्म कण विखुरलेल्या मिश्रणांवरील, कार्यासाठी झिग्‌मोंडी यांना १९२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. कणांचे माप व रंग यांचे गणित गुस्टाफ मी यांनी १९०८ मध्ये मांडले.

उत्पत्तीचा प्रश्न : या काचेचा शोध कोणी लावला याविषयी एकमत नाही. अश्शूरी राजा असुरबनिपाल याच्या ग्रंथसंग्रहातील (इ. स. पू. सातवे शतक) मृत्तिका-पाट्यांवरच्या काचेच्या कृतींत सोन्याचा उल्लेख असल्याचे काही अभ्यासक मानतात, मात्र त्या मजकुराचा अर्थ वादग्रस्त आहे. ब्रिटिश म्यूझियममधील रोमन काळातला लायकर्गस चषक (बहुधा इ. स. चौथे शतक) हा पुरावा अधिक भक्कम आहे. बाहेरून उजेड पडला की तो हिरवा आणि आतून उजेड आला की लाल दिसतो. त्याच्या काचेत दशलक्ष भागांत सुमारे ३०० भाग चांदी व ४० भाग सोने आढळले आहे. तरीही हा परिणाम कारागिराने जाणूनबुजून साधला की अपघाताने लाभला, हे निश्चित सांगता येत नाही. शिवाय या चषकापासून सतराव्या शतकापर्यंत अखंड परंपरा दाखवता येत नाही, म्हणून आधुनिक माणिक काचेचा उगम तेथे शोधणे सयुक्तिक वाटत नाही.

आधुनिक काळात पाच नावे पुढे येतात. फ्लॉरेन्स येथे १६१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या काचकलेवरील ग्रंथात आंतोन्यो नेरी याने अम्लराजात सोने विरघळवून लाल काच करण्याची त्रोटक कृती दिली आहे. योहान रूडोल्फ ग्लाउबर याने सुमारे १६५९ मध्ये कथिलाच्या द्रावाने सोन्याचा जांभळा साका (द्रावातून वेगळा होऊन तळाशी बसणारे चूर्ण) मिळवण्याचे वर्णन केले. हाच साका पुढे ‘कॅशियसचे जांभळे’ या नावाने प्रसिद्ध झाला. हे नाव हँबर्ग येथील वैद्य आंद्रेआस कॅशियस यांच्यावरून पडले. मात्र सोन्यावरील पुस्तक १६८५ मध्ये प्रसिद्ध केले ते त्यांच्या त्याच नावाच्या मुलाने, आणि श्रेय पित्याचे की पुत्राचे हाही वाद आहेच. फ्रान्समध्ये ऑर्लेआं येथील बेर्नार पेरो यालाही १६६८ मध्ये लाल काचेविषयी राजाज्ञा मिळाली होती.

पाचवे नाव योहान कुंकेल याचे. जर्मनीतील ब्रांडेनबुर्कचा इलेक्टर (सम्राटाच्या निवडीत मताधिकार असलेला संस्थानाधिपती) फ्रीड्रिख व्हिल्हेल्म याच्या आश्रयाने त्याने पॉट्सडॅम येथे काचकारखाना चालवला. नेरीचा ग्रंथ त्याने जर्मन भाषेत आणला (१६७९), त्यातील कृती स्वतः पारखून टिपा लिहिल्या, पण माणिक काचेचे आपले रहस्य उघड केले नाही. इलेक्टरने त्याला १६८५ मध्ये हाफेल नदीतील पफाउएनइन्झेल हे बेट दिले. तेथे परक्यांना मज्जाव असे. इलेक्टरच्या मृत्यूनंतर (१६८८) कुंकेलचे दिवस फिरले, प्रयोगशाळा जळाली आणि तो स्वीडनच्या राजाकडे गेला. त्याच्या मृत्यूनंतर १७१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने या शोधाची हकिकत दिली आहे. कथिलाने सोन्याचा साका काढण्याची युक्ती कॅशियसची, कदाचित ग्लाउबरमुळे सुचलेली, हे तो मान्य करतो. कॅशियसने तो साका काचेत घालूनही पाहिला, पण त्याला त्यापासून धड पात्र करता आले नाही. हे कानावर आल्यावर आपण काम हाती घेतले, आणि योग्य मिश्रण जुळवून सबंध पात्रभर सारखा लाल रंग आणण्यास काय कष्ट पडले ते आपल्यालाच ठाऊक, असे तो लिहितो. कोलोनच्या इलेक्टरसाठी २४ पौंड वजनाचा लाल चषक केल्याचेही तो नमूद करतो.

कुंकेल स्वतःचीच बाजू मांडत आहे, हे लक्षात घेऊनही त्याचा दावा इतरांपेक्षा सबळ वाटतो. सोन्यापासून लाल-जांभळा रंग निघतो हे त्याच्या आधी अनेकांना माहीत होते. प्रश्न होता तो पुनस्तापनाचा, आणि जाड पात्रात एकसारखा रंग आणणे ही गोष्ट कागदावरच्या कृतीने साधत नाही. मात्र संग्रहालयांतील त्या काळचे प्रत्येक लाल पात्र ‘कुंकेल’ म्हणून दाखवण्याची जुनी रीत सोडून देणे इष्ट. आउग्सबुर्क येथील चांदीवर सोन्याचा मुलामा दिलेल्या कोंदणांत बसवलेली बरीचशी पात्रे दक्षिण जर्मनीतील कारखान्यांची असावीत.

एकोणिसावे शतक : अठराव्या शतकात बिनरंगी, कोरीव काचेला पसंती होती. रंगीत काचेचे पुनरागमन मुख्यतः बोहेमियात (आजच्या चेक प्रजासत्ताकात) झाले. तेथील फ्रीड्रिख एगरमान (१७७७–१८६४) याने चांदीपासून पिवळा व सुमारे १८३२ मध्ये तांब्यापासून लाल असे लेपरंग काढले. बिनरंगी पात्रावर पातळ लेप देऊन ते भाजले की पृष्ठभाग लाल होई. मग तो चाकावर कापून हरणे, किल्ले, स्नानतीर्थांची दृश्ये पांढरी उमटवीत. सोन्याच्या काचेपेक्षा हे पुष्कळच स्वस्त पडे. बोहेमियन लाल काच म्हणून आज घरोघरी दिसणाऱ्या जुन्या वस्तूंत या लेपकामाचा वाटा मोठा आहे.

इंग्लंडमध्ये काचेवरील अबकारी कर १८४५ मध्ये रद्द झाल्यावर रंगीत काचेचे उत्पादन वाढले. स्टाउरब्रिज परिसरातील कारखान्यांनी बिनरंगी काचेवर सोन्याच्या काचेचा पातळ थर चढवून फिकट लाल वस्तू केल्या. त्यांना पुढे ‘क्रॅनबेरी’ असे नाव पडले. अग्निकुंडावरील फळीच्या दोन टोकांना ठेवायच्या, लोलक टांगलेल्या जोडफुलदाण्या आणि जेवणाच्या मेजावरचे, तुतारीच्या आकाराच्या अनेक नळ्यांचे पुष्पपात्र हे त्या काळातील ठळक प्रकार होत. सोने व युरेनियम एकत्र वापरून केलेली गुलाबी-पिवळी ‘बर्मीज’ काच (१८८५) अमेरिकेत निघाली व इंग्लंडमध्ये टॉमस वेब यांच्या कारखान्यात परवान्याने तयार होऊ लागली.

भारतात : बर्मिंगहॅमच्या ऑस्लर कंपनीने १८४० च्या दशकात कोलकात्यात विक्रीदालन उघडले. संस्थानिकांकडे झुंबरे, हंड्या व काचेचे फर्निचर जाऊ लागले. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातील यूरोपीय काच पाहिली म्हणजे या आवडीची व्याप्ती कळते. महाराष्ट्रातील वाड्यांच्या दिवाणखान्यांत लाल, निळ्या, हिरव्या हंड्या तक्तपोशीला टांगत. ‘हंड्या-झुंबरे’ हा जोडशब्दच वैभवाचा निदर्शक झाला. यांतील लाल हंड्या सोन्याच्या की तांब्याच्या, हे वस्तू हातात घेऊनच ठरवावे लागते.

ओळख : वस्तू पांढऱ्या कागदासमोर धरून उजेडात पाहावी. सोन्याच्या लालीत गुलाबी-जांभळी झाक असते, तांब्याच्या लालीत तपकिरी; सिलिनियमची लाल काच नारिंगीकडे झुकते व ती साधारणतः एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीनंतरची असते. यापुढची परीक्षा काठाची. काठाच्या जाडीत आडवे पाहिले असता दोन थर स्पष्ट दिसले, तर ती थर चढवलेली काच. लाल रंग केवळ पृष्ठभागावर असून बुडाच्या घासलेल्या कडेला बिनरंगी काच उघडी पडली असेल, तर ते लेपकाम. फुंकलेल्या वस्तूच्या बुडाशी, घडवताना ती धरण्याच्या लोखंडी दांडीवरून तोडल्याची खूण, बहुधा घासून गुळगुळीत केलेली, आढळते. जुन्या वस्तूच्या बुडाला टेकण्याच्या जागी वेड्यावाकड्या बारीक चरा असतात. एकाच दिशेच्या, सारख्या खोल चरा मुद्दाम पाडलेल्या असण्याचा संभव असतो. मुंबईच्या चोरबाजारात वा अन्यत्र खरेदी करताना ही तपासणी जरूर करावी.

मांडणी : ही काच आरपार येणाऱ्या उजेडासाठी घडवलेली आहे. गडद लाकडाच्या बंद कपाटात ती काळी दिसते, आणि घराघरांतून तिची हीच आबाळ होते. खिडकीच्या कट्ट्यावर, चुन्याच्या पांढऱ्या भिंतीपासून थोडे अंतर राखून किंवा मागे मंद दिवा ठेवून मांडल्यास तिचे सौंदर्य खुलते. लाल फुलदाणीशेजारी हिरवी किंवा निळी ठेवली तर दोन्ही उठून दिसतात. लालच लाल वस्तूंची दाटी केल्यास छटांतील भेद हरवतो. सोन्याची लाली सूर्यप्रकाशाने विटत नाही. मँगॅनीज घातलेली जुनी बिनरंगी काच मात्र वर्षानुवर्षांच्या उन्हाने जांभळट होते. पाण्याने भरलेले गोल पात्र थेट उन्हात ठेवू नये, कारण ते किरण एकवटून पडद्याला आग लावू शकते.

ताजी फुले ठेवायची असल्यास आत साध्या काचेची नळी बसवावी. जड पाण्याचा क्षार आतून एकदा धरला की अरुंद गळ्याच्या फुलदाणीतून तो काढणे कठीण जाते. धुण्यास कोमट पाणी व सौम्य साबण पुरतो. सोनेरी मुलाम्यावर ब्रश किंवा चिंच चालवू नये. मिश्रणात अल्कली जास्त व चुना कमी पडलेली काच दमट हवेत घामेजते आणि तिच्यात बारीक तडांचे जाळे होते. सतराव्या शतकातील पात्रांत हा दोष विशेष दिसतो. अशी वस्तू कोकणासारख्या हवेत उघडी ठेवू नये. तिच्यासाठी ४० ते ४५ टक्क्यांच्या आसपासची स्थिर सापेक्ष आर्द्रता योग्य समजली जाते.